फ्रोझन शोल्डर: नाव टिकलं, प्रश्न हरवला

प्रवासात रेंज जाते, हेडफोन घरी राहतो, किंवा काहींना ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं वाटतं. त्या सगळ्यांसाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून काढलाय.

विषय ऐकून तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये खांदेदुखी कुठून आली? पण लढाया आणि किल्ल्यांना असतो तसा आजारांनाही इतिहास असतो. आजाराला नाव कुणी दिलं, त्याच्याबद्दल पहिलं वाक्य कोण बोललं, ते वाक्य किती वर्षं फिरत राहिलं, आणि ते खरं आहे का हे कुणी तपासलं, हा सगळा इतिहासच. आज मी असंच एक वाक्य घेऊन त्याचा माग काढणार आहे. ते वाक्य तुम्ही घरी किंवा शेजारी नक्की ऐकलेलं असणार: "खांदा धरलाय ना? काही करू नका, दीड-दोन वर्षांत आपोआप सुटतो."

तुम्ही विशी-पंचविशीत असाल तर हा आजार बहुतेक तुमचा नाही. तो तुमच्या आईचा, मावशीचा, काकांचा आहे. साधारण चाळीस ते साठ या वयात तो गाठतो, बायकांना थोडा जास्त. सुरुवात अगदी किरकोळ वाटते. दंडाच्या वरच्या भागात दुखतं. मग रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मग वेणी घालायला हात मागं जात नाही, पाठीला साबण लागत नाही, फडताळातला वरचा डबा निघत नाही. बाबांचं मागच्या खिशातलं पाकीट पुढच्या खिशात येतं आणि एसटीत वरची दांडी धरायला ते दुसरा हात वापरायला लागतात. घरातल्या कुणाच्या हे लक्षातही येत नाही. आपल्याकडं त्याला खांदा धरणं म्हणतात, आखडणं म्हणतात, कुणी नुसतंच "वात भरलाय" म्हणतं. डॉक्टर म्हणतात फ्रोझन शोल्डर.

हा एपिसोड मी मलकापूरवरून करतोय. बुलढाण्याचं नव्हे, आपलं कराडला खेटून असलेलं मलकापूर. पुणे-बंगळूर हायवे, पलीकडं आगाशिवचा डोंगर आणि त्यातली बौद्ध लेणी, आणि ज्यासाठी सातारा-सांगलीची माणसं इथं उतरतात ते कृष्णा हॉस्पिटल. पण मलकापूरला पोचायच्या आधी आपल्याला पॅरिस आणि बोस्टनचा फेरा मारावा लागेल. तो वळसा का घ्यायचा, ते परत आल्यावर कळेल.

नाव पडायच्या आधी

खांदा आखडणं काही आजकालचं नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधींच्या अध्यायात, "अवबाहुक" नावाचा विकार सांगितलाय. वायू खांद्याच्या जागी राहतो, खांद्याचं बंधन शोषून घेतो, तिथल्या शिरा आकुंचित करतो आणि हात निकामी होतो, असा त्याचा आशय. आता अवबाहुक म्हणजे तंतोतंत आजचा फ्रोझन शोल्डर, असं मी म्हणणार नाही. जुन्या ग्रंथातल्या शब्दावर नव्या आजाराचं लेबल चिकटवणं सोपं असतं, पण त्यात इतिहास बिघडतो. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. खांद्याला बांधून ठेवणारं जे काही आहे तेच सुकतं, आखडतं, हे निरीक्षण कुणीतरी फार पूर्वी करून ठेवलंय. हा धागा पुढं परत हातात येणार आहे.

जपानमध्ये या दुखण्याला रोजच्या बोलीत म्हणतात "गोजूकाता", म्हणजे पन्नाशीचा खांदा. चिनी भाषेतही त्याच अर्थाचा शब्द आहे. म्हणजे दुखणं वयाबरोबर येतं हे माणसांनी जगभर ताडलं होतं. आत नेमकं काय होतं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

पॅरिस, 1872

आधुनिक वैद्यकात या खांद्याचं पहिलं ठळक वर्णन केलं सिमॉन-एमान्युएल ड्युप्ले या फ्रेंच सर्जननं. साल 1872. तेव्हा एक्स-रे नव्हता, तो 1895 मध्ये सापडला. त्या काळी खांदा आखडला की संधिवात समजून सोडून द्यायचे. ड्युप्लेनं सांगितलं, की बिघाड सांध्याच्या हाडांत नाही, सांध्याभोवतीच्या मऊ भागांत आहे. म्हणून त्यानं नाव दिलं "पेरिआर्थ्राइटिस", सांध्याभोवतीची सूज. खांद्याच्या हाडाखाली एक छोटी पिशवी असते, घर्षण कमी करणारी. तीच सुजते आणि चिकटते असा त्याचा कयास.

त्यावरून त्याचा उपायही ठरला. चिकटलंय ना, मग सुटं करा. रोग्याला भूल द्यायची आणि हात जोर लावून फिरवायचा. हा उपाय आजही ऑपरेशन थिएटरमध्ये होतो, अर्थात फार काळजीनं. तुमच्या लक्षात येतंय का? डॉक्टरनं नाव काय दिलं यावर हात कुणी आणि किती ओढायचा हे ठरत होतं. पण हात ओढल्यावर त्या माणसाचं पुढं काय झालं, तो वर्षभरानं पागोटं बांधू शकत होता का, हे मोजायची पद्धत तेव्हा नव्हती.

बोस्टनचा खटपट्या डॉक्टर

आता आपल्या गोष्टीचा नायक येतो. अर्नेस्ट अमोरी कॉडमन. जन्म 1869, शहर बोस्टन, शिक्षण हार्वर्डमध्ये. माणूस हुशार, खानदानी, आणि सहकाऱ्यांना नको नको करून सोडणारा.

कॉडमनच्या डोक्यात एक साधा प्रश्न बसला होता. हॉस्पिटल सांगतं, आम्ही इतके रोगी तपासले, इतकी ऑपरेशनं केली. पण ती माणसं बरी झाली का? घरी गेल्यावर त्यांचं पुढं काय झालं? नसतील झाली बरी, तर का नाही? प्रत्येक रोग्याचं एक कार्ड करायचं, काही महिन्यांनी, वर्षांनी त्याला परत बोलवायचं, तपासायचं, आणि निकाल त्या कार्डावर लिहायचा. यशही लिहायचं आणि चूकही. या कल्पनेला त्यानं "एंड रिझल्ट" म्हटलं. आपण म्हणू, शेवटचा निकाल.

आज वाटेल यात काय एवढं? पण तेव्हा मोठमोठ्या सर्जनना हे अजिबात रुचलं नाही. वय आणि ज्येष्ठता यावर ज्यांची खुर्ची टिकलेली, त्यांना निकालाचं कार्ड कशाला आवडेल? कॉडमननं 1914 मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची नोकरी निषेध म्हणून सोडली. त्याआधीच, 1911 मध्ये, त्यानं स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं होतं. तिथून काही वर्षांत घरी गेलेल्या 337 रोग्यांचा हिशेब त्यानं छापून प्रसिद्ध केला आणि त्यात स्वतःकडच्या 123 चुका मोजून दाखवल्या. मंडळी, स्वतःच्या चुका छापणारं हॉस्पिटल आजही शोधून सापडणं अवघड!

1915 मध्ये तर त्यानं डॉक्टरांच्या सभेत एक मोठं व्यंगचित्र उघडलं. त्यात एक शहामृग, डोकं वाळूत खुपसलेला, आणि मागं डॉक्टरांसाठी सोन्याची अंडी घालत असलेला. अर्थ असा, की डॉक्टर निकाल बघायला तयार नाहीत, कारण तो बघितला तर अंडी बंद होतील. सभा उधळायचीच बाकी राहिली. बोस्टनच्या वैद्यकीय वर्तुळात तो जवळपास वाळीत पडला.

1934 चं पुस्तक आणि ते वाक्य

या माणसाचा दुसरा ध्यास होता खांदा. 1934 मध्ये त्यानं "द शोल्डर" हे जाडजूड पुस्तक काढलं. त्यातच "फ्रोझन शोल्डर" हे नाव रूढ झालं. लक्षणं त्यानं इतकी नेमकी लिहिली, की आजही डॉक्टर तीच तपासतात. दुखणं हळूहळू येतं, दंडाच्या वरच्या भागात जाणवतं, त्या कुशीवर झोप लागत नाही, हात वर जात नाही, कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला गेलं तर वळत नाही, आणि एक्स-रे मात्र स्वच्छ. हा आजार समजायला, समजावायला आणि बरा करायला तिन्ही अवघड, अशी कबुलीही त्यानं दिली. टेबलाचा आधार घेऊन वाकायचं आणि हात लोंबता सोडून झोके द्यायचे, हा व्यायाम फिजिओथेरपिस्ट आजही शिकवतात. तो त्याच्याच नावानं ओळखला जातो.

आणि याच पुस्तकात आपलं ते वाक्यही आहे. कॉडमनचा सूर असा, की हा खांदा उपचार करा किंवा करू नका, साधारण दोन वर्षांत बरा होतो आणि रोग्याला तसा भरवसा द्यायला हरकत नाही.

गंमत बघा. गंमत म्हणायची की शोकांतिका, तुम्ही ठरवा. ज्या माणसानं आयुष्य घालवलं "प्रत्येक रोग्याचा शेवटचा निकाल तपासा" असं सांगण्यात, त्याचं निकाल न तपासता उचलायचं वाक्य सगळ्यात जास्त फिरलं. पुस्तकातून पुस्तकात गेलं, प्रोफेसरकडून विद्यार्थ्याकडं गेलं, तिथून दवाखान्यात, आणि शेवटी तुमच्या आमच्या स्वयंपाकघरात. नाव टिकलं, वाक्य टिकलं. प्रश्न हरवला.

आत नेमकं काय होतं?

कॉडमनला वाटायचं बिघाड स्नायूंच्या दोऱ्यांत, म्हणजे टेंडनमध्ये आहे. 1945 मध्ये वॉशिंग्टनचा सर्जन ज्युलियस नेव्हियासर यानं दहा रोग्यांचे खांदे प्रत्यक्ष उघडून पाहिले. त्याला वेगळंच दिसलं. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ खोबणीत बसलेला गोळा. त्याभोवती एक पातळ, सैल आवरण असतं, कॅप्सूल. सैल असतं म्हणूनच हात चहूबाजूंनी फिरतो. अंगात ढगळ झब्बा असावा तसं. नेव्हियासरला हे आवरण जाड, आखूड आणि हाडाला चिकटलेलं दिसलं, चिकटपट्टी सोलून काढावी तसं सोलावं लागणारं. झबल्याएवढं कापड अंगाला घट्ट बसलं तर हात वर होईल का? म्हणून त्यानं नाव दिलं "अधेसिव्ह कॅप्सुलायटिस". तुमच्या आईच्या फाइलवर हे नाव दिसलं तर घाबरू नका, फ्रोझन शोल्डरचंच ते दुसरं नाव.

पुढं 1995 मध्ये इंग्लंडचे टिम बंकर आणि पीटर अँथनी यांनी या आवरणाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जखम भरताना व्रण तयार करणाऱ्या आणि आकसणाऱ्या पेशी तिथं गर्दी करून होत्या. म्हणजे नुसतं चिकटणं नव्हे, आवरण आतून आकसतंय. सुश्रुताच्या "बंधन शोषणं, आकुंचन पावणं" या शब्दांची आठवण येते ती इथं. दोन काळ, दोन भाषा, पण निरीक्षण शेजारी-शेजारी.

यातून एक व्यवहाराची गोष्टही कळते. खांदा नुसता दुखत असेल तर दुसऱ्या कुणीतरी हळूच उचलला की हात वर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्यानं उचलूनही जात नाही, कारण आवरणच आखूड झालंय. डॉक्टर तपासताना तुमचा हात स्वतः बाहेर वळवून बघतात, ते यासाठीच.

कुणीतरी परत जाऊन विचारलं

आता हरवलेल्या प्रश्नाकडं येऊ. कॉडमन 1940 मध्ये गेला. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, 1975 मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रायन रीव्हज नावाच्या डॉक्टरनं फ्रोझन शोल्डरच्या 41 रोग्यांचा पाच ते दहा वर्षं पाठपुरावा केला आणि निकाल मांडला. आजाराचे तीन टप्पे आजही त्यावरूनच शिकवतात: आधी दुखण्याचा काळ, मग दुखणं कमी पण खांदा घट्ट, मग हळूहळू सुटणं. सरासरी काळ किती? सुमारे 30 महिने. दोन वर्षं नव्हे, अडीच. आणि शेवटी पूर्ण बरे किती झाले? 41 पैकी 16. आणखी 22 जणांचा हात मोजल्यावर थोडा कमीच भरत होता, पण त्यांचं रोजचं काम अडत नव्हतं. तिघांचं मात्र अडत होतं.

1992 मध्ये अमेरिकेत 62 रोग्यांना सरासरी सात वर्षांनी परत तपासलं. निम्म्यांना अजून थोडं दुखणं किंवा घट्टपणा होता. 2008 मध्ये इंग्लंडमध्ये 223 रोग्यांचा सरासरी साडेचार वर्षांनी आढावा घेतला. साधारण 59 टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता. उरलेल्या 41 टक्क्यांना काही ना काही त्रास शिल्लक होता. बहुतेकांचा सौम्य, पण मोजक्या काहींचा चांगलाच.

म्हणजे ते घरोघरचं वाक्य पूर्ण खोटं नाही, हे आधी सांगतो. बऱ्याच जणांचा खांदा खरंच सुधारतो, आणि हा जिवावरचा आजार नाही. पण "सगळ्यांचा, आपोआप, दोन वर्षांत, पूर्ण" यातला एकही शब्द तपासणीत टिकला नाही. आणि समजा दोन वर्षांतच सुटला, तरी दोन वर्षं म्हणजे किती? ऊसतोड करणाऱ्या बाईला विचारा. दोन हंगाम. मोळी डोक्यावर चढवायला हातच जात नसेल तर त्या दोन हंगामांची उचल कोण फेडणार? शिवणकाम करणाऱ्या, पोळ्या लाटून देणाऱ्या, ट्रक चालवणाऱ्या माणसाला "थांबा, आपोआप जाईल" हे सांगणं म्हणजे त्याची दोन वर्षं फुकट आहेत असं धरून चालणं.

मग ओढायचा की सोडून द्यायचा?

यावर दोन टोकं आहेत. एक टोक म्हणतं काहीच करू नका. दुसरं टोक म्हणतं कळ सोसा, जोर लावा, खाडकन आवाज आला की सुटला. गावात हात झटक्यानं ओढणारेही भेटतात आणि जिममध्ये ओळखीचा ट्रेनरही भेटतो.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये 77 रोग्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना कळ येईपर्यंत आणि त्यापुढंही ताणायला लावलं. बाकीच्यांना समजावून सांगितलं, झेपेल तेवढ्या हालचाली आणि हलके व्यायाम दिले, आणि लक्ष ठेवलं. दोन वर्षांनी निकाल काय? हळुवार गटातल्या 89 टक्के लोकांचा खांदा चांगल्या स्थितीत होता, जोर लावलेल्या गटात 63 टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळं ठरवता येत नाही. पण पहिल्या, दुखण्याच्या टप्प्यात खांद्याशी कुस्ती खेळायची नाही, एवढा इशारा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आणि लक्षात घ्या, त्या गटाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्यांना आजार समजावला होता, त्यांच्यावर नजर होती. "काही करू नका" आणि "हळू करा, आम्ही बघतोय" यात फार फरक आहे.

सगळ्यात मोठी तपासणी झाली ती ब्रिटनमध्ये. 35 हॉस्पिटलं, 503 रोगी, 2020 मध्ये "लॅन्सेट" या नियतकालिकात निकाल. तीन उपचारांची तुलना होती: स्टेरॉइड इंजेक्शनसह ठरवून दिलेली फिजिओथेरपी, भूल देऊन हात फिरवणं, म्हणजे थेट ड्युप्लेचा वारसा, आणि दुर्बिणीनं आवरण कापून सैल करणं. एका वर्षानं रोग्यांनाच विचारलं, आता कसं आहे? तिन्ही गटांत सुधारणा झाली होती आणि कुठलाही एक उपचार बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. फिजिओथेरपी लवकर सुरू करता येत होती, पण त्या गटातल्या जास्त लोकांना पुढं आणखी उपचार लागले. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये धोके थोडे जास्त. म्हणजे सुरुवातीलाच महागड्या ऑपरेशनकडं धावायचं कारण नाही, आणि नंतर गरज पडली तर ते दार बंदही नाही. "वर्षभरानं परत विचारा" हा कॉडमनचा हट्ट होता. शंभरएक वर्षांनी तो 35 हॉस्पिटलांनी मिळून पुरा केला.

साखरेचा संबंध

आमच्या भागात "साखर" म्हटलं की आधी कारखाना आठवतो. पण खांद्याच्या बाबतीत रक्तातली साखर आठवायला हवी. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 800 मधुमेही आणि 600 मधुमेह नसलेल्या लोकांचे खांदे तपासले होते. मधुमेह असलेल्यांत फ्रोझन शोल्डरचं प्रमाण 10.8 टक्के होतं, नसलेल्यांत 2.3 टक्के. जवळजवळ पाचपट. थायरॉइडच्या रोग्यांतही हा खांदा जास्त दिसतो. मधुमेहींमध्ये तो सुटायलाही जास्त वेळ घेतो.

याचे दोन उपयोग. एक, घरात कुणाचा खांदा कारण नसताना आखडला तर रक्तातली साखर एकदा तपासून घ्या. दुसरा, मधुमेह असलेल्या माणसाला खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर काही दिवस साखर वाढू शकते. ते इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगायचं आणि नंतर साखर मोजत राहायचं. इंजेक्शन वाईट नाही. दुखण्याच्या सुरुवातीच्या काळात त्यानं चांगला आराम पडतो. फक्त माहिती दोन्ही बाजूंना हवी.

आता मलकापूर

फिजिओथेरपी हा शब्द आपल्या गावांत तसा नवा. देशातलं तिचं पहिलं शिक्षण सुरू झालं मुंबईत, केईएम हॉस्पिटलमध्ये, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. तेव्हा पोलिओनं अधू झालेल्या मुलांचा प्रश्न समोर होता. तिथून ही विद्या कृष्णाकाठी यायला काही दशकं गेली. 1983 मध्ये, सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्रानं विनाअनुदानित मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्या धोरणावर वाद भरपूर झाले, अजून होतात. पण त्याच लाटेत 1984 मध्ये जयवंतराव भोसले यांच्या पुढाकारानं इथलं कृष्णा मेडिकल कॉलेज उभं राहिलं. सहकारी साखर कारखानदारीतून आलेला माणूस, आणि कारखान्याच्या मुलखातलंच हॉस्पिटल. पुढं त्याचं अभिमत विद्यापीठ झालं आणि आज तिथं फिजिओथेरपीचं स्वतंत्र कॉलेजही आहे. ज्या खांद्यासाठी पूर्वी पुणे-मुंबई गाठायला लागलं असतं, त्याचे कोन मोजणारी मुलं-मुली आता फाट्यावर उतरलं की भेटतात.

पण हॉस्पिटल जवळ आलं म्हणून कॉडमनचा प्रश्न सुटत नाही. ग्रामीण भागात रोगी दुखतंय तोवर येतो. कळ थांबली की यायचं थांबतो. एक खेप म्हणजे एक दिवसाची हजेरी बुडणार, वर एसटीचं भाडं. त्यामुळं खांदा अर्धाच सुटला की पूर्ण, हे कुठल्याच कागदावर येत नाही. डॉक्टरला वाटतं रोगी बरा झाला म्हणून आला नाही. रोग्याला वाटतं एवढाच बरा होणार होता. आणि ते 1934 चं वाक्य पुढच्या माणसाला सांगायला दोघंही मोकळे.

आता मलकापूरचीच दुसरी ओळख सांगतो. हे गाव राज्यात गाजलं ते चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळं. नळाला मीटर बसवले. पाणी मोजायला लागल्यावर गळती कुठं आहे, जास्त कोण वापरतंय, हे दिसायला लागलं. मोजल्याशिवाय गळती कळत नाही हे या गावाला कुणी वेगळं समजवायची गरज नाही. खांद्याचंही तेच आहे.

आणि इथं तुमचं काम सुरू होतं, कारण मोबाइल तुमच्या हातात आहे. घरात कुणाचा खांदा धरला असेल तर महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, तीन फोटो काढा. पहिला, बाजूनं: हात समोरून वर कुठवर जातो. दुसरा, समोरून: कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर किती वळतो. तिसरा, पाठीमागून: हात मागं नेल्यावर अंगठा कुठं पोचतो, मांडीपाशी, कमरेला, की पाठीवर. जोर लावायचा नाही, जाईल तेवढाच. सोबत दोन ओळी: रात्री किती वेळा जाग आली, आणि या महिन्यात कुठलं काम जमायला लागलं. झालं तुमचं निकालाचं कार्ड. पुढच्या खेपेला फिजिओथेरपिस्टला दाखवा. "जरा बरं वाटतंय" या तीन शब्दांपेक्षा त्यांना त्यातून कितीतरी जास्त कळेल. दोन-तीन महिन्यांत फोटोत काहीच फरक नसेल, तर तेही बोलायला हवं, कारण पुढचे उपाय आहेत.

एक सूचना, गंभीरपणे. हे निदान फोटोवरून किंवा पॉडकास्टवरून करायचं नाही. पडल्यावर, मार लागल्यावर खांदा गेला असेल, ताप किंवा सूज असेल, हातात बधिरपणा किंवा ताकद गेल्यासारखं वाटत असेल, तर लगेच डॉक्टर गाठा. आणि डाव्या खांद्यात कळ, सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर तो खांदा नाही, हृदय असू शकतं. तिथं मिनिटभरही थांबायचं नाही.

कॉडमनचं पुढं काय झालं, हे सांगायचं राहिलं. तो गेला तेव्हा त्याच्या थडग्यावर साधा नावाचा दगडही नव्हता. तो बसला 2014 मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांनी, आणि तोही डॉक्टर मंडळींनीच पुढाकार घेऊन. तोवर हॉस्पिटलांचा दर्जा तपासायची जगभरातली पद्धत त्याच्याच कल्पनेवर उभी राहिली होती. खांद्याबद्दलचा त्याचा अंदाज पुरता बरोबर निघाला नाही. पण तो चुकला हे आपल्याला कळलं, ते त्याच्याच प्रश्नामुळं.

तर मंडळी, या आठवड्यात घरी गेलात की आईला, काकूला, बाबांना एकदा सहज हात वर करायला सांगून बघा. दोन्ही हात सारखे वर जातात का ते बघा. आणि एखाद्याच्या खांद्यावर मागच्या वर्षी उपचार झाले असतील, तर त्यांना कॉडमनचा प्रश्न विचारा: आता कसं आहे? उत्तर आम्हाला कळवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यावर बोलू. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!